जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर दोघं, दोन मोटारसायकली: काय आधी, काय नंतर

चौकुळच्या पुढं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माझं मागचं चाक बसलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. पंक्चरचं किट होतं, पंप होता, टायर उचकटायच्या पट्ट्या होत्या, जादा ट्यूबही होती. सगळं जोडीदाराच्या गाडीवर. आणि जोडीदार पुढं. किती पुढं ते त्यालाच माहीत. तो मागं वळून आला तेव्हा बारा वाजून गेले होते. मग कळलं, की मागच्या एक्सलचा नट २४ चा आणि आमच्याकडचे पाने २२ पर्यंतचेच.

"दोघं आहोत, काय होतंय!" या भरवशावर दरवर्षी हिवाळ्यात कितीतरी जोड्या घाटमाथ्यावर येतात. येतात दोघं, चालवतात मात्र एकेकटे. त्यात कामांचा क्रमही उलटा: आधी गाडीला गार्ड, लाइट, बॅगा, मग तारीख, आणि रस्ता कुठला ते आदल्या रात्री. खालचे टप्पे मुद्दाम याच्या उलट लावले आहेत. उदाहरणं आंबोली, चौकुळ, चंदगड, तिलारी या पट्ट्यातली आहेत, कारण तो मला पायाखालचा. मेळघाटात किंवा भीमाशंकरला माती बदलेल, जनावर बदलेल, क्रम तोच राहील.

टप्पा १: रस्ता कुणाचा आहे ते आधी बघा

जंगलातून जाणारा रस्ता आणि जंगलखात्याचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात.

देवगड-निपाणी रस्ता राधानगरीच्या जंगलातून जातो. तो सार्वजनिक रस्ता आहे, त्यावरून खुशाल जा. पण त्याच रस्त्यावरून दाजीपूरला आत वळणाऱ्या कच्च्या वाटा अभयारण्यात शिरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही. तिथं स्वतःची दुचाकी घेऊन हिंडायचा विचारच नको. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा असेल तर प्रश्नच मिटला.

उरतं ते राखीव जंगल, गावठाणाभोवतीचं जंगल, मालकीचं जंगल, आणि वाड्या-वस्त्यांना जोडणारे ग्रामीण रस्ते. आपलं खरं क्षेत्र हेच. जागेवर ओळखायच्या खुणा अशा: किलोमीटरच्या दगडाला नारिंगी पट्टा असेल तर तो गावाकडं जाणारा रस्ता. झाडावर किंवा दगडावर "कक्ष क्र." असा आकडा रंगवलेला दिसला, आडवी साखळी किंवा बांबू दिसला, की तुम्ही वनखात्याच्या हद्दीत आहात. साखळीला कुलूप नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा होत नाही.

शंका असेल तर त्या परिक्षेत्राच्या वनक्षेत्रपालांच्या, म्हणजे रेंजरसाहेबांच्या, कार्यालयात जाऊन विचारा. कुठून कुठं जाणार, किती गाड्या, कुठल्या तारखेला, एवढं साध्या कागदावर लिहून न्या. फोनवर "नाही" म्हणणारे साहेब समोर बसल्यावर "हा नको, त्या बाजूचा धरा" असं सांगतात, असा माझा अनुभव आहे. रस्त्यावर भेटणारा वनरक्षक त्या बीटाचं, म्हणजे त्याच्या हद्दीचं, पानन् पान ओळखतो. त्यानं थांबवलं तर हेल्मेट काढून बोला; वाद घालायची ती जागा नव्हे.

*सावधान:* जानेवारी-फेब्रुवारीत वणवा पसरू नये म्हणून वनखातं जाळरेषा काढतं. गवत जाळून-झोडपून केलेला सरळ स्वच्छ पट्टा. लांबून तो हुबेहूब रस्ता दिसतो, नकाशावरच्या रेघेशी कधी जुळतोही. पुढं जाऊन तो कड्यावर नाहीतर थेट ओढ्यात संपतो. चाकोरी, म्हणजे चाकांच्या दोन समांतर खुणा, दिसत नसतील तर तो रस्ता नाही.

टप्पा २: नकाशा घरी, खात्री गावात

फोनमध्ये दोन वेगवेगळे ऑफलाइन नकाशे ठेवा. एक गूगलचा, दुसरा ओपन स्ट्रीट मॅपवर चालणारा एखादा. दोन्हींत जो रस्ता आहे तो बहुधा असतो. एकातच आहे त्याची चौकशी करा. मग उपग्रहचित्र लावून संपूर्ण रेघ बोटानं सरकवत बघा. झाडीखाली रस्ता दिसत नाही, पण ओढा कुठं ओलांडतो, शेवटचं घर कुठं आहे, सडा कुठं उघडा पडतो, हे दिसतं. या तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे मिळाले तर उत्तमच. जुन्या गाडीवाटा आणि चढ-उताराच्या रेषा त्यांत नीट कळतात.

धरणांच्या भागात आणखी एक घोळ असतो. कोयनेच्या शिवसागराकाठी काही वाटा थेट पाण्यात उतरतात, कारण पुढचं गाव धरणाखाली गेलेलं असतं. तापोळ्यासारख्या ठिकाणी तराफ्यावरून गाडी पलीकडं नेता येते. पण शेवटचा तराफा किती वाजता, हे आधी विचारायचं असतं, काठावर पोचल्यावर नाही.

आता गावातली चौकशी. "हा रस्ता पुढं जातो का?" असं विचारलंत तर उत्तर एकच येणार: "जातंय की, का जायाचं न्हाई?" माणूस खोटं बोलत नाही. तो चालत जातो, म्हैस घेऊन जातो; त्याच्या दृष्टीनं रस्ता जातोच. म्हणून प्रश्न असे विचारा:

"मामा, या रस्त्यानं वडाप (माणसं भरून नेणारी जीप) चालतंय का?"
"दुधाची गाडी कुठंपर्यंत येते?"
"या आठवड्यात कुणी मोटारसायकल घेऊन गेलं होतं का?"
"ओढ्याला पाणी कुठंवर? गुडघ्याला लागतं का?"

एसटी जाते म्हटलं की रस्ता पक्का. वडाप जातं म्हटलं की वाईट, पण जाण्यासारखा. "माझा पोरगा जातोय" म्हटलं तर पोरगा कुठली गाडी चालवतो तेही विचारा. स्प्लेंडर असेल तर तुमची गाडी जाईल, पण तुम्ही जाल का हा वेगळा प्रश्न. हीच चौकशी दुसऱ्या माणसाकडं, शक्यतो त्याच रस्त्यानं आलेल्याकडं, पुन्हा करा.

*तपासणी:* वहीत तीन गोष्टी आहेत का? शेवटचं घर, ओढे किती, आणि मध्येच सोडून डांबरी रस्त्याला लागायची किमान एक वाट. तिसरी सापडत नसेल तर पहिल्या खेपेला तो रस्ता घेऊ नका.

टप्पा ३: दोघांत आधी काय ठरवायचं

हा टप्पा सगळे गाळतात. मैत्री आहे, बोलायचं काय त्यात! पण जंगलात होणाऱ्या निम्म्या चुका इथल्या न बोलण्यातून होतात, म्हणून गाडीला हात लावायच्या आधी अर्धा तास चहावर बसा.

पहिलं: पुढं कोण? ज्याला कच्च्याची सवय कमी तो पुढं. बहुतेक जोड्या उलट करतात. सराईत पुढं गेला की वेग त्याचा होतो. मागचा गाठायच्या नादात स्वतःच्या कुवतीबाहेर चालवतो आणि पडतो. शिवाय मागं पडलेला माणूस पुढच्याला दिसत नाही. ओढा, खडा चढ किंवा उतार आला की मात्र सराईतानं पुढं व्हायचं, पार करून गाडी लावायची आणि चालत मागं यायचं.

दुसरं: अंतर. धूळ असेल तर धुळीच्या मागं राहा, पण पुढचा वळणापलीकडं जाण्याआधी त्याला तुम्ही आरशात दिसायला हवेत. प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं. मागचा आला, दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली, मगच पुढं. फाटा अगदी उघड असला तरी थांबायचंच. पाच मिनिटं झाली आणि मागचा आला नाही, तर वळायचं. मागच्याला आपली वाट चुकली असं वाटलं तर त्यानं जागचं हलायचं नाही. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की दिवस गेलाच.

तिसरं: हॉर्नची भाषा. आम्ही एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, लांबलचक म्हणजे मागं ये, असं ठेवलं आहे. तुम्ही काहीही ठेवा, पण जनावर समोर असताना हॉर्न नाही. तेव्हा फक्त हात वर.

चौथं, आणि सगळ्यात अवघड: "नको" म्हणायचा हक्क. दोघांपैकी एकानं "परत जाऊ" म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, त्यावर आठवडाभर चेष्टाही करायची नाही. माझ्या जोडीदारानं एकदा कोरड्या, सोप्या दिसणाऱ्या उतारावर "नको" म्हटलं. मला आतून राग आला, पण वळलो. दुपारी खाली गावात कळलं, की वळणापलीकडं पावसाळ्यात अर्धा रस्ता वाहून गेला होता आणि तिथून उलटं वर चढवायची दोघांचीही ताकद नव्हती.

टप्पा ४: गाडी आठ दिवस आधी

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नका. मेकॅनिक कितीही चांगला असो, उघडलेला नट सैल राहू शकतो, आणि तो कळायला शंभरेक किलोमीटर तरी चालवावं लागतं. आठ दिवस आधी काम करून घ्या, मग रोजच्या वापरात ठेवा.

स्वतः बघायच्या गोष्टी: चेनचा ताण गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणं. स्पोकचं चाक असेल तर पान्यानं एकेक स्पोक टिचकवा. सगळे एका सुरात वाजले पाहिजेत, बद्द वाजला तो सैल. ब्रेकचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. बॅटरीचे टर्मिनल घट्ट. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प मात्र पुरते आवळू नका; गाडी पडली तर लिव्हर फिरली पाहिजे, तुटता कामा नये. जादा क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून चिकटपट्टीनं बांधून ठेवा, म्हणजे बदलायला दहा मिनिटं पुरतात.

टायर चांगला असेल तर महागडा नॉबी, म्हणजे मोठ्या गुठळ्यांचा टायर, घ्यायची घाई नको. गुळगुळीत झालेला मागचा टायर मात्र बदलाच.

आता ज्यासाठी हा टप्पा आहे ते: घराच्या अंगणात मागचं चाक स्वतः काढा. ट्यूब बाहेर काढा, परत घाला, हातपंपानं हवा भरा. पाना कुठला लागतो, टायरचा काठ किती चिवट असतो, नवी ट्यूब पट्टीनं कशी चिमटते, हे अंगणातच कळतं. हे केलं असतं तर २४ चा पाना मी सड्यावर शोधत बसलो नसतो. ट्यूबलेस टायर असेल तर भोक बुजवायच्या रबरी वाती आणि सुई चालवून बघा, पण रिम चेपली तर वाती काही कामाच्या नाहीत, हेही लक्षात असू द्या. जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढच्या चाकाची न्या. २१ इंची ट्यूब अडीनडीला मागच्या १८ किंवा १७ इंची चाकात बसते. मागची पुढं बसवायला गेलात तर ती ताणून फाटते.

टप्पा ५: सामानाची वाटणी

हत्यारं एका गाडीवर आणि जेवण दुसऱ्या गाडीवर, ही वाटणी चुकीची. हत्यारं मागच्या गाडीवर, कारण मागं पडलेल्याला पुढच्याकडं जाता येत नाही. पुढचा मात्र थांबून वाट बघू शकतो. पाणी, प्रथमोपचार, विजेरी, काडेपेटी आणि शिट्टी मात्र दोघांकडं स्वतंत्र. पाणी माणशी चार लिटर. उन्हाळ्यात तेही कमी पडतं.

हत्यारांत पाने, टायरच्या पट्ट्या, ट्यूब, ठिगळं आणि सोल्युशन (सोल्युशनची फोडलेली ट्यूब वर्षभरात वाळते, नवीच घ्या), पंप, प्लग आणि प्लगपाना, चेनची जोडकडी, इन्शुलेशन टेप, झिप टाय, एम-सील, तारेचा तुकडा, एक मीटर प्लास्टिकची नळी, आणि आठ-दहा मीटर दोरी. एम-सीलनं मी एकदा इंजिनाच्या खालच्या कव्हरची भेग बुजवून ४० किलोमीटर आलो आहे.

पाठीवर सॅक नको. पाण्याची पिशवी ठीक. बाकी सगळं गाडीवर, खाली आणि घट्ट. बांधून झालं की गाडी धरून गदागदा हलवा. जे हलतं ते पहिल्या तासात पडतं.

कागदपत्रांच्या प्रती छापील घ्या. डिजिलॉकरला रेंज लागते, आणि नाक्यावर नेमकी तीच नसते. रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवा.

*तपासणी:* पेट्रोल. कच्च्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲव्हरेज बरंच पडतं. टाकीचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावायला. आजरा, चंदगड, सावंतवाडी, दोडामार्ग अशा तालुक्याच्या गावात टाकी भरून मगच आत वळा.

टप्पा ६: दिवस आणि परतीची वेळ

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर जंगलवाट नाहीच. आंबोलीला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; त्या चिखलात आणि जांभ्यावरच्या शेवाळात टायर, कौशल्य काही चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला भाताची कापणी-मळणी असते, वाड्यांत रस्त्यावरच पेंढा पसरलेला असतो. तो चेनमध्ये आणि मागच्या स्प्रॉकेटवर गुंडाळतो, शिवाय त्यावरच मळणी चालू असते. कडेनं उतरून जा, नाहीतर बाजूला करायची परवानगी विचारा. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. मार्चनंतर ऊन, वणवे आणि गोचीड.

वेग धरताना ताशी १५ किलोमीटर धरा. हसू येईल, पण थांबे, फाटे, फोटो, चौकशा धरून दिवसाला ६० किलोमीटर कच्चा रस्ता पुष्कळ झाला. साडेसहाला निघा, आणि परतीची वेळ घड्याळात अलार्म लावून ठरवा. आमची दुपारी दीडची असते. दीड वाजता जिथं असू तिथून, पुढचं गाव दोन किलोमीटरवर असलं तरी, माहितीच्या वाटेनं माघारी. डिसेंबरात सहाला सूर्य जातो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

निघताना घरी एका माणसाला तीन गोष्टी लिहून पाठवा: वाट, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, महाराष्ट्र वनखात्याची मदतवाहिनी १९२६. वाटेत जिथं-जिथं रेंज येते तिथं ट्रिपमीटरचा आकडा वहीत मांडा. संध्याकाळी कशाचाही उपयोग झाला नाही तरी याचा होतो.

टप्पा ७: चालवताना

डांबर सुटलं की थांबा आणि हवा कमी करा. दोन्ही चाकांत नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय कमी, पण ट्यूबच्या टायरला १८ च्या खाली नको. दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर उतारासाठी बंद करा. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की तो परत चालू होतो, हे विसरू नका.

फूटरेस्टवर उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं बाहेर, हात सैल. हँडल दाबून धरणाराच जास्त पडतो. नजर चाकापुढं नाही, वीस-पंचवीस पावलं पुढं. दगडाकडं बघाल तर गाडी दगडावरच जाईल.

बाकीचं जमिनीवर अवलंबून:

जांभ्याचा मुरूम: लाल बारीक गोटे, टायरखाली छऱ्यांसारखे फिरतात. वळणात पुढचा ब्रेक अजिबात नाही. वेग वळणाआधी कमी करा, वळणात हलका थ्रॉटल. घाटमाथ्यावर सगळ्यात जास्त लोक इथंच झोपतात.

पानांचा थर: हिवाळ्यात रस्त्यावर पानांची गादी असते. खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही, आणि सकाळच्या दवात ती साबणासारखी असते. चाकोरीतूनच जा.

काळी, चिकण माती: ओली असेल तर थांबा. ती मडगार्डमध्ये भरून चाक अडवते. उन्हं वर येईपर्यंत चहा करा, किंवा वळा.

उतार: पहिला गिअर, क्लच सोडलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणारे पेट्रोल वाचवतात आणि ब्रेक तापवतात. तिलारी घाटासारख्या तीव्र उतारावर, डांबर असलं तरी, हेच.

*सावधान:* उन्हाळ्यात गाडी वाळल्या गवतावर लावू नका. तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेटतं. उघडा दगड नाहीतर माती शोधा. स्टँडखाली ठेवायला दगड उचलताना आधी पायानं उलटा. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं (विषारी साप) असतं आणि दगडाला घातलेल्या हातापर्यंत ते सहज पोचतं.

टप्पा ८: ओढा

घाई करू नका. क्रम असा: गाडी बंद, सराईत माणूस बूट न काढता चालत आरपार. काठीनं तळ चाचपायचा: वाळू, गोटे की शेवाळलेली फरशी? पाणी चाकाच्या एक्सलपर्यंत ठीक. गुडघ्यावर आणि जोरात वाहत असेल तर नाही. गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर नाही. फरशी पुलावरून पातळ पाणी वाहतं तिथं सगळ्यांना सोपं वाटतं, पण त्या सिमेंटवरचं शेवाळ गोट्यांपेक्षा वाईट.

मग एकानं प्रवाहाच्या खालच्या अंगाला नाही, वरच्या अंगाला उभं राहायचं. पडलेली गाडी खाली ढकलली जाते आणि खाली उभा असलेला तिच्याखाली सापडतो. चालवणाऱ्यानं पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा थ्रॉटल, क्लच न दाबता, समोरच्या काठाकडं बघत जायचं. पाण्याकडं नाही.

गाडी पाण्यात पडली आणि बंद झाली, तर सेल्फ मारू नका. ही चूक शंभरातले नव्वद करतात. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी टेम्पोतून घरी जाते. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, एअर फिल्टर उघडून बघा. प्लगच्या भोकातून पाणी उडायचं थांबेपर्यंत इंजिन फिरवा. तोंड तिथून लांब. ऑइल दुधासारखं दिसलं तर चालू करायचंच नाही. इथंच ती दोरी लागते.

पार झाल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून वाळवा. लगेच उतार असतो बहुधा.

टप्पा ९: जनावर समोर आलं तर

या पट्ट्यात दोघांची काळजी घ्यायची: गवा आणि हत्ती. कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्ग, चंदगड, आजरा भागात गेली वीसेक वर्षं आहेत. सकाळी रस्त्यावर ताजं शेण, मोडलेल्या केळी किंवा सोललेला बांबू दिसला, तर इंजिन बंद करून दोन मिनिटं कान द्या. हत्ती दिसला तर वळायचं. जवळ जाऊन वळायला जागा शोधू नका. दिसल्या जागेवरून, दोघांपैकी मागच्यानं आधी वळून.

गवा बहुतेक वेळा स्वतःच निघून जातो, त्याला वेळ द्या. पन्नास पावलांवर थांबा. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागं कळप असतो. मध्ये शिरलात की पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या. एकटा थोराड नर असेल तर अंतर दुप्पट. हॉर्न, रेस, ओरडणं, काही नाही.

शेताच्या कडेच्या तारांना हात लावू नका, लघुशंकेला टेकू तर मुळीच नको. पिकं वाचवायला झटका मशीनच्या तारा लावलेल्या असतात, आणि कधी कुणी थेट लाइनचा करंटही सोडतो.

टप्पा १०: पडलात तर

आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), मग माणूस, मग गाडी. पडलेल्याला लगेच हेल्मेट काढू देऊ नका, उठवूही नका. मान दुखते का, बोटं हलतात का, नाव-वार विचारा. रक्त वाहत असेल तर कापड दाबून धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. हाड मोडलं असं वाटलं तर आहे त्या स्थितीत काठीला बांधा. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, अवयव हलवायचा नाही आणि सरकारी रुग्णालय गाठायचं.

मदतीला जायचं की थांबायचं? जखमी शुद्धीत असेल, रक्त थांबलेलं असेल, तर दुसऱ्यानं निघावं: वहीतली शेवटची रेंज किंवा शेवटचं घर, जे जवळ असेल तिकडं. जाण्याआधी त्याच्याजवळ पाणी, शिट्टी, विजेरी आणि जॅकेट ठेवा. फोनवरचे अक्षांश-रेखांश कागदावर उतरून घ्या. जीपीएसला रेंज लागत नाही. आणि जाताना जितकं सावकाश जमेल तितकं जा. दुसरा अपघात असाच होतो. जखमी शुद्धीत नसेल तर त्याला सोडून जाऊ नका. शिट्ट्या, हॉर्न, आणि तासाभरात कुणीच आलं नाही तरच पुढचा विचार.

गाडी उचलताना सीटला पाठ लावून, एक हात हँडलला, एक ग्रॅब रेलला, पायांच्या जोरावर मागं चालत. त्याआधी गाडी दुसऱ्या बाजूला पडणार नाही ना ते बघा, जमत असेल तर साइड स्टँड उघडा आणि गिअर टाका. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांना आडवं पडल्यावर चावी बंद करून परत चालू करावी लागते. हे माहीत नसल्यानं लोक अर्धा तास प्लग तपासत बसतात. निघण्याआधी ब्रेकचं पेडल, लिव्हर, हँडलची सरळता आणि खाली गळणारं ऑइल बघा.

टप्पा ११: डांबरावर आल्यावर

कमी केलेली हवा आधी भरा. कमी हवेवर डांबरावर साठच्या वेगानं चालवलंत तर टायर तापतो आणि वळणात गाडी तरंगते. थकलेल्या माणसाला ते कळतही नाही. एबीएस चालू करा. घरी फोन करा, रेंज आल्या-आल्या, जेवायला बसल्यावर नाही.

घरी गेल्यावर गाडी धुऊन चेनला तेल द्या, एअर फिल्टर झटका, स्पोक परत टिचकवा. आणि अंघोळीआधी अंग तपासा: बगल, जांघ, कानामागं, मोज्यांच्या रेषेवर. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, चिरडू नका. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, शेजारच्या गोव्यात सत्तरीतही. तो गोचिडीनं पसरतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा, की मी तिलारीच्या जंगलात जाऊन आलो आहे. जोडीदारालाही फोन करून विचारा, कारण गवतात तोही बसला होता.